चावली तर धावड्याला

लवंगीचा एक किस्सा सांगायला बसावं, तर तो संपायच्या आत ती पुढचा करून ठेवते. त्यामुळे मी आता क्रमबिम लावायचा नाद सोडलाय. मैत्रिणी फोनवर "कशीये गं तुमची ती?" असं सहज विचारतात आणि मग अर्धा तास मीच बोलत राहते. बोलता बोलता रडकुंडीला येते. त्या हसत असतात.

तर लवंगी म्हणजे चिवावा जातीची कुत्री. दीड किलोची, भुरकी, कान मात्र शेळीच्या पिल्लाला शोभतील एवढे. दादाने पुण्यात हौसेने घेतली, मग त्याची बदली बंगळुरूला झाली आणि तो "महिनाभर सांभाळा" म्हणून तिला मंठ्याला आमच्याकडे सोडून गेला. तो महिना अजून चालू आहे.

पुण्यात तिचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. आईने तिला पहिल्यांदा भुंकताना ऐकलं आणि नाव बदलून टाकलं.

पप्पा शाळेतून आले तेव्हा ती दादाच्या पिशवीतच होती. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"ह्याच्यातून कुत्रं काढून ठेव. मला भाजीला जायचंय."

गल्लीतल्या लोकांना तर ती पूर्ण वाढलेली आहे हे पटतच नव्हतं. समोरच्या काकांनी तिला सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि दादाबद्दल मनापासून हळहळले. म्हणाले, "शिकलेलं पोरगं, तरी फसवलं बघा त्याला."

*

पहिल्याच आठवड्यात तिने गॅस सिलेंडरवाल्याचा पायजमा धरला. पाय नाही, नुसता पायजमा. पण तो माणूस भरलेलं सिलेंडर खांद्यावर घेऊन असा काही उडाला की मी किंचाळले. सिलेंडर पडलं असतं तर, या विचाराने मला रात्रभर झोप नाही. कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी मुलगी आहे मी. मला असलं सोसत नाही.

त्या दिवशी पप्पांनी नियम केला. "पुन्हा कुणाला चावली, तर धावड्याला."

धावड्याला माझी आत्या राहते, पप्पांची थोरली बहीण. शेतातच घर. दारात दोन कुत्रे, दोन्ही वासराएवढे. वर घारी फिरत असतात. तिथे लवंगी पहिल्या दुपारपर्यंतही टिकली नसती. हे मी पप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंग चावू देऊ नको."

म्हणजे चावणार ती, नियम तिला, आणि पाळायचा मी!

*

ती थरथरते. सारखी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं फिट आली. तिला ओढणीत गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात पळाले. तिथे माझ्यापुढे एक म्हैस आणि पाच-सहा शेळ्या. म्हशीच्या मालकाने ओढणीत वाकून पाहिलं आणि "बाळाचा दवाखाना पलीकडे हाय, ताई" असं सांगितलं.

डॉक्टरांनी तिला तळहातावर घेतलं. म्हणाले, ही जातच अशी. थंडी वाजली की थरथरते, घाबरली की थरथरते, आनंद झाला तरी थरथरते. मला एकदम आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं.

मग काळजी कशी घ्यायची ते त्यांनी सांगितलं. थोडं थोडं पण सारखं खायला द्यायचं, उपाशी राहिली की चक्कर येते. पलंगावरून उडी मारू द्यायची नाही, पायाची हाडं काड्यांसारखी असतात. आणि डोक्यावर मधोमध मऊ जागा आहे, टाळू. ती ह्या जातीत बऱ्याचदा भरत नाही, तिथे मार लागू द्यायचा नाही.

हे सगळं मी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. तिथे चुकलं.

*

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर शकुमावशी पाय पसरून अंगणात बसलेल्या. शकुमावशी गल्लीतल्या सगळ्या लेकरांना तेल लावतात, न्हाऊ घालतात. मीसुद्धा त्यांच्याच पायांवर न्हालेय. आज त्यांच्या पायांवर लवंगी उताणी होती आणि टाळूवर कोमट तेल जिरवणं चाललं होतं.

"आई, हे काय?"

"टाळू भरली न्हाई म्हणून तूच सांगितलं ना?"

मी म्हटलं, ते लहान बाळाचं असतं, ही तीन वर्षांची बाई आहे.

"तेच तर," शकुमावशी म्हणाल्या. "तीन वर्षं कुणी बघितलंच न्हाई लेकराकडं."

मग ओवा-वावडिंगाची धुरी झाली. मग आईने शिवलेली कुंची आली, कानांसाठी दोन भोकं ठेवलेली. तेलामुळे लवंगीला फरशीवर चालता येईना, नुसती घसरत जाऊन भिंतीला लागायची आणि भिंतीवर भुंकायची. माझ्या उशीवर तेलाचा डाग आहे, तो अजून गेला नाही.

पोलिओचे डोस द्यायला आलेल्या ताईंनी दारातून कुंची पाहिली आणि बाळाचं वय विचारलं. त्यांना समजावता समजावता मला घाम फुटला. आई आतून विचारत होती, दिला तर चालतो का?

*

आता हे मला जास्त लागतं. तिला खायला देणारी मी. तिचं सगळं काढणारी मी. उन्हाळ्यात कूलरचं तोंड तिच्याकडे करून स्वतः उकडत झोपणारी मी. आणि ह्या जातीची कुत्री म्हणे घरातला एकच माणूस आपला मानतात.

तिने पप्पांना निवडलं!

पप्पा खुर्चीत पेपर वाचायला बसले की ती त्यांच्या मांडीवर. मी त्यांना बीपीची गोळी द्यायला गेले की गुरगुरते. एकदा मी पप्पांना म्हटलं, तिला खाली ठेवा.

"मी कुठं घेतलंय?" पेपरमागून आवाज आला. "तीच येऊन राह्यली."

फिरायला मात्र मी. गल्लीतल्या चार मोठ्या कुत्र्यांना ती माझ्या कडेवरून शिव्या घालते. ते बिचारे आधी तिला शोधतात, मग माझ्याकडे बघतात. भांडण तिचं, पिंढऱ्या माझ्या.

*

आणि मग आत्या आली.

गावातल्या एका लग्नाला आल्ती, पण आल्या आल्या लवंगीबद्दल बोलली. धान्याच्या खोलीत उंदीर झालेत, ही कामाला येईल. आत्याकडचे उंदीर मी पाहिलेत. मी पप्पांकडे बघितलं. ते एवढंच म्हणाले, "नियम हाय. चावली, की बिलकुल घेऊन जा."

आत्याचा मुक्काम होता तोवर मी नीट जेवले नाही. लवंगी दिसली की उचलायची, आत्या दिसली की दार लावायचं. आत्याने बाजारातल्या शेळीसारखे तिचे दात बघितले, पाय चाचपले. लवंगी थरथरली, पण चावली नाही.

शेवटच्या दुपारी सगळे जेवायला बसलो. आत्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. पप्पांच्या शेजारी लवंगीची वाटी. त्यात भात आणि कोंबडीचा चुरा. आत्याने वाकून पाहिलं, म्हणाली, आमच्या गड्यालाही असलं मिळत न्हाई, आणि बघू तरी म्हणून चिमूटभर उचलायला वाटीत हात घातला.

मी ओरडायच्या आत झालं. बोटावर दाताचे दोन ठिपके. रक्त नव्हतं, लवंगीची इंजेक्शनंही सगळी झालेली. पण चावली ती चावलीच.

आत्याने बोट पप्पांपुढे धरलं. "बघ. आता दे बांधून."

पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. बोट बघितलं. लवंगीकडे बघितलं. ती पुन्हा वाटीत तोंड घालून खात होती.

"आक्का," ते म्हणाले, "जेवत्या माणसाच्या ताटात हात घालत असतेत का?"