निडीचं क्रॉसिंग

"बाई, हमरापूरहून फोन हाय," असं शिपाई म्हणाला तेव्हा मी पेणला सातवीच्या वर्गावर होते. हमरापूरहून म्हणजे शैलाला दवाखान्यातून घरी आणलं असणार, असं वाटून मी खडू हातात घेऊनच ऑफिसात पळाले. फोनवर तिचा भाऊ होता. "नंदाताई, आमची शैला गेली सकाळी…" त्याला काही आठवडे झाले. अजून शाळेतला फोन वाजला की मी फळ्यावर लिहायची थांबते.

शैला माझी मैत्रीण, हमरापूरच्या मूर्तिकारांच्या घरची. घरातल्या सगळ्या बायका गणपतीच्या रंगकामात, ही मात्र कॉम्प्युटर शिकली आणि पेणला एका माडीवर तिनं क्लास काढला. मी रोह्याची. शाळा सुटल्यापासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत माझा मुक्काम तिच्याकडे. तिथं ती फावल्या वेळात अंतराळाचा एक खेळ बनवत होती. काळा पडदा, पांढरे ठिपके म्हणजे तारे आणि एक त्रिकोण म्हणजे आपलं यान. पहिल्या खेळात यान प्रकाशापेक्षा जोरात जाऊच शकत नव्हतं. एका ताऱ्यावरून निघालं की दुसरा येईपर्यंत चहा व्हायचा, शेंगा संपायच्या. तिला बघायला आलेले एकेक नमुने, वडिलांचा अबोला, माझ्या सासूबाई… सगळं त्या प्रवासात बोलून व्हायचं. खेळ म्हणून तो भयंकर होता.

क्लासची मुलं कंटाळली. "मॅडम, कधी पोचणार ओ?" मग तिनं प्रकाशाला मागं टाकणारं इंजिन काढलं. पण ताऱ्यांमधली वाट एकेरीच ठेवली. समोरून दुसरं यान येत असेल तर आपण मध्येच एका पिटुकल्या ग्रहावर थांबायचं. त्या ग्रहाचं नाव तिनं ठेवलं निडी. आमची गाडी रोज रोह्याच्या अलीकडे निडीला क्रॉसिंगसाठी खोळंबायची आणि मी रोज तिच्यापुढे त्याचं रडगाणं गायचे, त्याचा हा प्रसाद. "अगं, प्रकाशाच्या पुढं जायचं आणि निडीला थांबायचं?" मी हसून विचारलं. ती गंभीरपणे म्हणाली, "वेग कितीपण असूदे गो, लाइन एकच हाय ना."

तेही मुलांना सोसेना. तिसऱ्या खेळात तिनं वाटच काढून टाकली. बटण दाबलं की इथलं यान तिथं. मुलं खूश, शैला खूश, कौतुक मलाही वाटलं. जुने खेळ कुठं ठेवलेस, म्हटलं, तर तिनं त्याच फ्लॉपीवर ते पुसून नवा भरला होता. "विसर्जन झाल्यावर कोण मूर्ती परत आणतं काय?" असं म्हणून मोकळी झाली. पण त्यानंतर आमचं बसणं आटपत गेलं. खेळ बघता बघता संपायचा, ती पुढच्या बॅचकडे वळायची आणि मी आधीची गाडी पकडायचे. लवकर घरी पोचून मी काय दिवे लावले, ते आता आठवू म्हटलं तरी आठवत नाही.

त्याच दिवसांत तिला बरं नव्हतं. मला कळलं ते ती दवाखान्यात दाखल झाल्यावर. रक्ताचा आजार, पुढं गेलेला. मी तिच्यावर चिडलेच. "मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?" तिनं उशीवरची मान वळवली. "सांगणार होते गो नंदे… पण मध्ये थांबायलाच नाय मिळालं." मग म्हणाली, "घरी गेले की निडी परत टाकते."

घरी ती गेलीच नाही. फ्लॉपी तिच्या भावानं मला आणून दिली, ती मी शाळेतल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. बटण दाबलं, यान पोचलं. इतकं वाईट मला ती गेल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

परवा गाडी निडीला थांबली. समोर रोह्याला निघालेली एक बाई टोपली सांभाळत बसली होती. वैतागून म्हणाली, "आता किती वेळ थांबवतात गो हिला?" एरवी मीही तिच्या जोडीनं रेल्वेला चार शिव्या हासडल्या असत्या. म्हटलं, "थांबूदे थोडी." पिशवीतली शेंगांची पुडी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली आणि तिला शैलाबद्दल सांगायला लागले. जेमतेम पहिल्या खेळापर्यंत आले होते, तेवढ्यात समोरची गाडी धडधडत निघून गेली आणि आमची सुटली.