आईचा हललेला फोटो

बारा फेब्रुवारी. कांचघर मोहल्ल्यातल्या दादाच्या दोन भाड्याच्या खोल्या महिनाअखेरीस रिकाम्या करून द्यायच्या होत्या, म्हणून सकाळीच पोती, सुतळी आणि झाडू घेऊन गेले. दादाला जाऊन तीन आठवडे झाले होते. घरमालकाचाच फोन आला होता, "दीदी, भैया दरवाज़ा नहीं खोल रहे"... रिक्षात बसतानाच मला कळलं होतं. दादाने लग्न केलं नव्हतं, एकटाच राहायचा. माझं घर तिथून दहा मिनिटांवर, तरी मी महिन्यातून एकदा जायचे. तेही डबा देऊन परत.

खमरियाच्या कारखान्यात तो तपासणीच्या कामावर होता. केसाएवढा फरक आपल्या बोटांना कळतो, असं सांगायचा. हाताचा त्याला गर्वच होता, म्हणून कॅमेऱ्याला स्टँड घ्यायचा नाही. कॅमेरा मोठ्या फिल्मचा, एका रोलमध्ये बाराच फोटो, आणि उचलला की मनगट दुखेल असं वजन. उजेड कमी असला की पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात हात जरा हलला की फोटो गेला. अशा वेळी तो माझ्यामागे उभा राहून कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकवायचा. नदीवर ग्वारीघाटला, भेडाघाटला, कुठेही.

"काहून हलून राहिली, मालू? श्वास सोड, अन् थांब."

"अच्छा, म्हणजे मी तुझी तिपाई."

"तिपाई बरी. ती बोलत नाही."

मग कानाशी खट्ट आवाज व्हायचा. त्याच्या फोटोंत मी जवळपास नाहीच. मी कॅमेऱ्याखाली असायचे.

आई फोटोला कधी बसली नाही. एका संध्याकाळी कशी कोण जाणे तयार झाली, दारात खुर्ची टाकून बसली. दादाने घाईने माझ्या खांद्यावर कॅमेरा ठेवला. मला नेमकी शिंक येत होती. मी दाबून धरली. एकच फोटो झाला, "चलो, झालं," म्हणून आई उठली. पंधरा दिवसांनी ती गेली. रोल धुऊन आला तेव्हा अकरा फोटो लख्ख होते आणि बाराव्यात आईला दोन नाकं. "मला शिंक येत होती," मी म्हणाले. दादा निगेटिव्ह उजेडाला धरून बघत राहिला. पुढच्या महिन्यात त्याने स्टँड आणला. मी समजायचं ते समजले... आणि पुन्हा त्याच्याबरोबर फोटो काढायला गेले नाही. त्यानेही बोलावलं नाही. याला अठरा वर्षं झाली.

कपाटाच्या तळाशी त्याची वही निघाली. प्रत्येक फोटोची नोंद, बिघडला असेल तर कशाने, तेही. ते पान मी मुद्दाम शोधलं. निगेटिव्ह तिथेच चिकटवलेल्या पाकिटात होतं. खाली लिहिलं होतं, "आई, दारात. मालू हलली नाही. माझा हात. मालूला सांगायचं." पुढच्या रोलच्या पानावर सगळ्यात वर पुन्हा, "मालूला सांगायचं." त्याच्या पुढच्या पानावरही. त्यानंतरच्या पानांवर ती ओळ नाही.

मी खाली फरशीवर बसले. राग आला, अगदी खरा. केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला बहिणीचं तोंड बघून काही कळू नये? दर महिन्याला डबा घेताना तो मान खाली घालायचा, ते मी वयावर ढकललं होतं. त्याला चार शब्द सुनावायचे होते, मग त्याने काहीतरी चिडवलं असतं, मग चहा झाला असता... पण खोलीत बांधलेली पोती होती, आणि मी. आता माझ्याशी भांडेल असं माहेरचं कोणी उरलेलं नाही. तासाभराने उठून झाडू मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेले. तिथल्या माणसाने ते दिव्यावर ठेवून भिंग लावलं.

"दीदी, ये तो हिला हुआ है."

"मालूम है," मी म्हटलं. "भाई का हाथ हिला था. बड़ा बनाइए."