भोंगा वाजेपर्यंत मेलेली

माझ्या नणंदेला, वाल्बुर्गाला, आमच्याकडे कुणी आडनावाने ओळखत नाही. ती लोहाराची वाल्बुर्गा. ते लोहाराचं घर रणगाड्यांनी कधीच भुईसपाट केलं, पण आमच्यात माणसाला घराचंच नाव चिकटतं, घर गेलं तरी सुटत नाही. १९५१ साली अमेरिकन सैन्याला इथे जर्मनीत सरावासाठी आणखी जमीन हवी झाली. हिंटराऊ हे आमचं अख्खं खेडं उठवलं आणि आम्हाला कुंपणाबाहेर या गावात आणून टाकलं. मी तेव्हा अंगावर पिणारी, मला काय आठवणार! वाल्बुर्गा नऊ वर्षांची होती. तिला सगळं आठवतं, हीच तर रड आहे.

तिचा धाकटा भाऊ लोइस आदल्याच हिवाळ्यात घटसर्पाने गेला होता. चार वर्षांचं पोर. ट्रक निघताना ही त्याच्या थडग्याकडे धावली आणि म्हणाली, "इथेच थांब, मी आलेच." बापाने बखोटं धरून ट्रकमध्ये बसवलं. पोरवयाचं बोलणं ते, विसरून जायचं. पण साठी उलटली तरी हिचं एकच.

"टिली, तो थांबला असेल गं."

"अगं, सत्तावन्न वर्षं?"

"त्याला कुठे वर्षं मोजता येतात?"

मी चिडायचे. चिडायचे म्हणजे काय, अंगावर काटा यायचा म्हणून चिडायचे. तोफा सुरू झाल्या की आमच्या कपाटातल्या कपबश्या थरथरतात. आम्ही तिकडे लक्षही देत नाही. ती मात्र हातातलं विणकाम टाकून कुंपणाकडे बघत बसायची. म्हणायची, "घाबरला असेल."

आत जायची सोय नव्हती. वर्षातून एकदा सैन्याची बस जुन्या माणसांना नेते, पण ती वरच्या खेड्यातल्या चर्चपर्यंतच. हिंटराऊ बंद म्हणजे बंद.

मग त्या साली सैन्याने हिंटराऊच्याच जागेवर सरावाचं आणखी एक खोटं खेडं बांधलं. खोटी घरं, खोटा बाजार, आणि राहायला खोटे गावकरी. ते काम आमच्या गावातली निम्मी माणसं करतात. गळ्यात कार्ड अडकवतात. त्यावर आपलं नाव, नवरा आहे की गेला, सैनिकांवर राग आहे की नाही, सगळं लिहिलेलं. सैनिक झडतीला आले की रडायचं. मी गेली चार वर्षं रडतेय, चांगली रडते. वाल्बुर्गानेही नाव दिलं.

"तुला जमणार आहे का रडायला?" मी विचारलं. भावाच्या मातीलाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, असं सासूबाई सांगायच्या.

"शिकेन," ती म्हणाली.

मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, आम्ही आत गेलो. तिच्या शालीखाली थडग्यावर लावायचा लाल दिवा होता.

"पेटवायला बंदी आहे. हाकलून देतील."

"एकदा हाकललंय की. आता कसली भीती?"

दुपारी सैनिक आले. कर्ण्यावरून हुकूम झाला, गाव रिकामं करा. आम्ही ठरल्याप्रमाणे गळा काढला. ती मात्र उलट्या दिशेला चालू लागली, पिवळ्या फितीखालून वाकून थेट झाडीत. फितीपलीकडे सरावाचे खोटे सुरुंग होते आणि त्यांच्यामधोमध आमची जुनी दफनभूमी. एक सैनिक ओरडला. तिने वळून पाहिलं नाही. सरावावर देखरेख करणारा पंच धावत पोचला तोवर तिने शेवाळलेल्या दगडासमोर दिवा लावलाही होता.

पंच आपल्याकडचाच, जर्मन. दिवा दिसूनही न दिसल्यासारखं करत म्हणाला, "बाई, तुमचा पाय सुरुंगावर पडला. तुम्ही मेलात. नियम आहे, भोंगा वाजेपर्यंत इथून हलायचं नाही."

"इथून?"

"इथून. चार तास."

वाल्बुर्गा आडवी झाली. फितीअलीकडून मला तिचा चेहरा दिसत होता. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला इतकं सुखात पाहिलं नव्हतं.

अंधारायच्या सुमाराला भोंगा वाजला. रस्त्यात पडलेले खोटे मेलेले उठले, कपडे झटकले, कुणी सिगारेट मागितली, कुणी पाव-सॉसेजच्या रांगेत गेलं. ती उठली नाही. फितीखालून वाकून मी धावले. ती बसली होती, एक हात दगडावर.

"ऊठ गं बाई, बस सुटेल."

"भोंगा झाला ना, टिली?"

"झाला."

"सगळे उठले?"

"उठले."

"मी वाट बघितली," ती म्हणाली. "हा नाही उठला."

आणि ती रडली. ते ऐकून मागे आलेल्या एका सैनिकाने हसून अंगठा वर केला, छान जमलं म्हणून. मी त्याचा हात धरून खाली केला.

त्यानंतर तोफा सुरू झाल्या तरी वाल्बुर्गा मुकाट्याने विणत बसते. कुंपणाकडे मीच बघत राहते.