कार्बोरेटरचं स्पिरिट

धुळ्यातलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी शहरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. ऐन लग्नसराईत सकाळची हजेरी आटोपून बंदोबस्त वाटत होतो, तेवढ्यात सरकारी रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. बाजारातला एक हमाल रात्रभर उलट्या करत होता आणि आता त्याला सगळं पांढरं दिसत होतं. दारू प्यायलो, एवढंच तो सांगत होता.

"ही नेहमीची दारू नाही," डॉक्टर म्हणाले. "विषारी स्पिरिट वाटतंय. आणखी कुणी प्यायलं असेल तर लवकर शोधा."

मी रुग्णालयात गेलो. हमाल माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बोलत होता. हायवेवरच्या एका गॅरेजच्या रखवालदारानं त्याला ओळखीखातर बाटली भरून दिली होती. भरली ती मोठ्या कॅनमधून. उरलेलं कुठे होतं?

रखवालदाराला ठाण्यात आणलं. साक्रीकडच्या खेड्यातला, पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ. हमालाला ओळखतच नाही, असं म्हणाला. हवालदार बाह्या सारू लागले, त्यांना मी थांबवलं. मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून काहीही सांगतो, आणि त्यातलं खोटं तपासत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता.

त्याला कोठडीत बसवून मी गॅरेज गाठलं. मालक एका मारवाडी व्यापाऱ्याची जुनी मोटार नव्यानं उभी करत होते. व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात नवरदेव त्याच गाडीतून जायचा होता. चोरी झाली का, विचारलं तर म्हणाले, काहीच नाही. बोलताना हात मात्र पुसतच राहिले. मी इंजिनाचे सुटे भाग बघत उभा राहिलो. लोखंडी भाग रॉकेलनं धुऊन, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून, तारेच्या ब्रशनं घासून, तेल लावून गोणपाटावर मांडलेले होते. चकचकीत. फक्त कार्बोरेटर खोलून ताटात तसाच पडला होता, त्याचे पितळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या, जुन्या पेट्रोलच्या थरानं काळेठिक्कर.

"लग्न तोंडावर आलंय, मग हाच का राहिला?"

मालक खाली बसले. मग हळूहळू सांगितलं. कार्बोरेटर कॉस्टिकमध्ये टाकला तर त्याचा धातूच खाल्ला जातो. त्याची बारीक भोकं स्पिरिटनं मोकळी करावी लागतात. ते स्पिरिट त्यांनी विनापरवाना आणलं होतं, आणि तो कॅन गायब होता. परवान्याचं निघेल म्हणून ते गप्प बसले होते.

मी ठाण्यात परतलो आणि रखवालदारासमोर बसलो. "चोरीचं नंतर बघू. तू बाटली दिलीस त्या हमालाला दिसेनासं झालंय. ती दारू नव्हे, इंजिन धुवायचं विष आहे. कॅन आत्ता कुठे आहे, तेवढंच सांग."

तो उठून उभा राहिला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, आज मन्ही भाचीनी हळद शे. कॅन तठे गया."

तो स्वतः पीत नव्हता. स्पिरिट म्हणजे भारी दारू, असं कुणाकडून तरी ऐकलेलं. साक्रीकडेच राहणाऱ्या बहिणीच्या घरी पाहुण्यांची सोय होईल म्हणून त्यानं कॅन एसटीनं धाडला होता.

साक्रीच्या ठाण्याला बिनतारी संदेश दिला, पण तिथली गाडी बंदोबस्ताला बाहेर होती. बहिणीच्या गावात फोन नव्हता. रखवालदाराला जीपमध्ये घालून आम्ही निघालो. वाटेत जिथे मांडव दिसे, वाजंत्री ऐकू येई, तिथे मी घड्याळ बघे. गेलेली नजर परत येते का, असं रखवालदारानं एकदा विचारलं. मी चालकाला जीप आणखी पळवायला सांगितलं.

पोचलो तेव्हा हळद सुरू होती. रखवालदारानं जीप थांबायच्या आत उडी मारली, तो घरामागे धावला आणि त्यानं कॅन लाथेनं आडवा केला. तरी काही जण प्यायले होते, नवरीचा बापसुद्धा. सगळे धडधाकट उभे होते, हीच मोठी अडचण. हे विष काही तास माणसाला कळूच देत नाही. आम्हाला काहीच झालं नाही, मग दवाखान्यात कशाला, असा त्यांचा सवाल. माझी वर्दी तिथे कामाला आली नाही.

तेव्हा रखवालदार भरल्या मांडवात मेव्हण्याच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "भाऊ, मी चोरी करी. ते इख शे. चाल."

वाजंत्री थांबली. मग मेव्हणा मुकाट्यानं जीपमध्ये चढला आणि बाकीचे त्याच्यामागून.

डॉक्टरांनी त्या सगळ्यांना वाचवलं, नजरेसकट. हमालाची मात्र गेली ती गेलीच. खटल्यात तो बायकोचा खांदा धरून साक्षीला आला. आरोपीला ओळखता का, असं वकिलांनी सवयीनं विचारलं. "त्याले बोलाले सांगा," तो म्हणाला. न्यायाधीशांनी परवानगी दिली. पिंजऱ्यातून रखवालदार म्हणाला, "मी शे, भाऊ," आणि हमालानं मान डोलावली.

पुढच्या नोकरीत हाताखालच्या प्रत्येक अंमलदाराला मी एकच सांगत आलो. वस्तू कुणी नेली, हे नंतर विचारा. ती आत्ता कुठे आहे, हे आधी विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस स्वतःला वाचवायला बघतो. दुसऱ्या प्रश्नानं त्याला आणखी कुणाला तरी वाचवायची संधी मिळते.