सरकारांचा दिवस

आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे. इतक्या पिढ्या उलटल्या तरी ते 'सरकार'च. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, नळाला पाणी आलं की जिथे आधी बादल्या आणि मग माणसं हलतात, तिथे भिंतीवर सरकार घोड्यावर बसलेले असत. चित्र ऐकीव वर्णनावरून काढलेलं. मिशा मात्र अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. चित्रकारासमोर बसायला तेच होते ना.

सरकार म्हणजे माळशिरसकडच्या आमच्या गावचे जहागीरदार. इंग्रजांनी जहागिरीला हात घातला तेव्हा गावातल्या पाईक गल्लीतली माणसं गोळा करून त्यांनी बंड केलं. कचेरी जाळली, ठाण्यावर आपला झेंडा लावला. मग पलटण आली आणि बंड मोडलं. सरकार पकडले गेले, पण इंग्रजांना त्यांना सोडावं लागलं. 'सोडावं लागलं' हे अण्णांचे शब्द. सुटून आल्यावर सरकारांनी एक विहीर बांधली, एक देऊळ बांधलं आणि तिसरं लग्न केलं. आम्ही त्या तिसऱ्या लग्नाचे.

दर वैशाखात गावात सरकारांचा दिवस होतो. अण्णा एसटीनं जायचे, फेटा बांधून घ्यायचे, भाषण ठोकायचे आणि येताना जिलबी आणायचे. जिलबी वाटता वाटता दरवर्षी सांगायचे, "पाईक गल्लीत आजही त्या दिवशी कुणी चूल पेटवत नाही. सरकार पकडले गेले त्याचं दुःख! अशी निष्ठा कुठं बघायला मिळेल?" मी ही गोष्ट शाळेत सांगितली, सासरी सांगितली, ऑफिसात शेजारच्या टेबलाला सांगितली. आमच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच तर उरलं होतं.

अण्णा गेले आणि मान माझ्याकडे आला. धाकटा भाऊ पुण्यात, त्याला सुट्टी नसते. गुलाबी फेटा डोक्यावर चढला आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. सरपंच माइकवर म्हणाले, लिंबाच्या पारावर सरकारांचा पुतळा बसवायचाय, जागा घराण्याची, तेव्हा परवानगी असावी. मी माइक घेऊन तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी मी आणखी चढले आणि पाईक गल्लीच्या बायका बसल्या होत्या तिकडे वळून हात जोडले. म्हटलं, "आमच्या सरकारांसाठी तुम्ही आजही चूल पेटवत नाही. हे ऋण आम्ही कसं फेडायचं?"

तिकडून कुणी टाळी वाजवली नाही. एकीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गहिवरली.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यातली एक म्हातारी जवळ आली. "ताई, वाईच घरला चला," म्हणाली. तिच्या घरातली चूल सारवून कोरडी ठेवलेली होती. तिनं रात्रीची भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यापुढे ठेवली, स्वतः समोर बसली.

"राग मानू नगा," ती म्हणाली. "चूल तुमच्या सरकारांसाठी बंद न्हाय. त्ये तर घरला आलं की. आमचं कुणीच आलं न्हाय."

मग तिनं सांगितलं ते असं. पलटण आल्यावर सरकार साहेबाशी बोलणी करायला गेले. जाताना पाईक गल्लीच्या माणसांना बजावून गेले, मी येईपर्यंत ओढ्यातून हलू नका. ती हलली नाहीत. सरकारांना माफी मिळाली आणि त्याच दिवशी पलटण ओढ्यात उतरली. सगळ्यांना गावातल्या लिंबाला टांगलं. तो हा दिवस. दर वैशाखात गल्ली त्याच लिंबाच्या पारावर दिवे लावते.

ओढ्यातली जागा पलटणीला कुणी दाखवली, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि मी तो भाकरीबरोबर गिळला. तिला तो कळला असावा.

"लोक म्हणत्यात काय बी. आमी काय बघाय गेलतो व्हय?" ती म्हणाली. "पुतळा कुटं बी बसवा, पर त्यो पार तेवढा सोडा. आमाला दिवा लावाय दुसरी जागा न्हाय."

मी तिचा हात धरून शब्द दिला.

एसटीत मला स्वतःची किळस येत होती. चूल घरातलं माणूस गेल्यावर बंद ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सरकारांची तिथी आमच्याकडे माघात. त्या दिवशीची खीर मीच ढवळते. मग वैशाखात कोण गेलं होतं, असं माझ्या मनात एकदाही येऊ नये? बंद चूल दिसली की ती आपल्यासाठीच बंद असणार, एवढी आमची खात्री. आणि सरकार शब्दाला जागून ओढ्यात परतले असते, तर तेही त्याच लिंबाला लटकले असते. तिसरं लग्न झालंच नसतं. ही लाज वाटून घ्यायला मीसुद्धा नसते.

सोलापुरात पोचल्यावर सरपंचांना फोन केला. "ताईसाहेब, तुमीच माइकवर हो म्हणाला की. आता माघारी कसं फिरायचं?" भावाला केला. "ताई, अण्णांचं स्वप्न होतं गं ते. कुठल्या म्हातारीचं काय ऐकत बसलीस?" मी म्हटलं, बरं, बघू. दोन फोनांत माझं बंड मोडलं. घराण्याला शोभेल असंच.

पुढच्या वैशाखात अनावरणाला मलाच बोलावलं. त्या सकाळी मी गॅस पेटवला नाही, चहासुद्धा केला नाही. ठरवलं होतं, माइकवर सगळं सांगून टाकायचं. गावात पोचले तर पार फोडून चौथरा बांधलेला, लिंबाच्या फांद्या पुतळ्याला आड येतात म्हणून छाटलेल्या. पडदा मी ओढला. घोडा झकास होता. मिशा अण्णांच्या, कारण भावानं घरातल्या चित्राचा फोटो पाठवला होता. समोर आमदार, मोबाइल उगारलेली माणसं, वर अण्णांच्या मिशा. मी नेहमीचंच भाषण केलं. सरकारांच्या पुढे 'आणि त्यांचे सहकारी' एवढं घातलं, आणि तेवढ्यावर, सांगायला लाज वाटते, स्वतःला धाडसी समजत खाली उतरले.

पाईक गल्लीतलं कुणी आलं नव्हतं. फेटा काढून मी पिशवीत कोंबला आणि गल्लीकडे गेले. वळणावरच धूर दिसला. घरोघरी चुली पेटल्या होत्या, भाकऱ्या थापल्याचे आवाज येत होते. म्हातारी तव्यापुढे बसली होती.

"आज चूल?" एवढंच मला विचारता आलं.

तिनं भाकरी उलटली. "पार गेला. दिवा कुटं लावायचा? मग गल्लीनं ठरिवलं, दिवस बी तुमालाच ऱ्हाऊ दे."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिनं तव्यावरची भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली.

"खावा. गरम हाय."

मी सकाळपासून उपाशी होते. खाल्ली.