सहा मशिदी आणि सातवी

श्रीवर्धनच्या रहमतुल्लाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. कॅम्पात चाळीस माणसांना दोन नळ, म्हणून. सौदीत धाहरानजवळ आम्ही पाइपांसाठी चर खणायचो. वाळूत कड ढासळते. त्याची कधी ढासळली नाही; फळ्या लावल्याशिवाय तो आत उतरत नसे.

१९९१ चा एप्रिल. कुवेतची लढाई संपली होती, सायरन थांबले होते, पण आमचे पासपोर्ट अजून कफीलकडेच, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाकडेच, होते. बुधवारी सकाळी रहमतुल्लाला गावाहून तार आली : आई अत्यवस्थ, लगेच ये. देशाबाहेर जायच्या कागदाला दहा दिवस लागतील, असं ऑफिसात सांगितलं. त्याच दुपारी कामगारांची बस मदिनेला निघणार होती. आईने आधीच्या पत्रात लिहवलं होतं, खंदकाच्या सात मशिदींत माझ्यासाठी दोन-दोन रकात नमाज पढ. तो बसमध्ये बसला.

पैगंबरांच्या वेळी शहर वाचवायला जिथे खंदक खणला, तिथे डोंगराच्या पायथ्याशी लहान लहान मशिदी आहेत. त्याने आधी खंदक शोधला.

"बुजला, चाचा. आता रस्ता आहे," ड्रायव्हर उमैर म्हणाला.

रहमतुल्लाने टाचेने जमीन ठोकली. "दगड आहे. पहारीचं काम. आणि उपाशीपोटी खणलाय."

"रहमत्या, इथंही मजुरी ठरवतोस काय?" मी म्हटलं. तो हसला नाही.

सहा मशिदी झाल्या. "सातवी?" त्याने विचारलं.

"सहाच आहेत. सात नुसतं नाव. लोक दोन किब्ल्यांची मशीद धरून सात मोजतात. ती लांब आहे. यल्ला, चला, बसा."

"आईने सात सांगितल्यात."

नमाजाची दिशा, किब्ला, जिथे बदलली त्या मशिदीकडे तो उन्हात चालू लागला. उमैर शिव्या घालत बस मागून घेऊन आला. सातवी पढून रहमतुल्ला परत आला, बुटातली माती झाडली, जागेवर बसला.

शनिवारी कॅम्पवर दुसरी तार आली होती. आई बुधवारी संध्याकाळीच गेली.

"तेव्हा आपली बस रियाधच्या आसपास होती," तो म्हणाला आणि फावडं उचललं. त्या दिवशीही त्याने फळ्या लावूनच चर खणला.

कागद मिळाल्यावर तो गावी गेला. आईची कबर खणताना कड दोनदा ढासळली होती, असं बायकोने, हफीजाने, सांगितलं. कबरस्तान उतारावर, माती भुसभुशीत. त्याने उताराला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, आधाराची भिंत, घातला. पाया एकट्याने खणला, तीन हात खोल. चिरे विकत घ्यावे लागले. घराला लादी बसवायची म्हणून चार वर्षांच्या पगारातून साठवलेले पैसे त्या चिऱ्यांत गेले.