बेतणारी एक, शिवणारी एक

माझी मावशी तापट आहे असं सगळे म्हणतात. आहे, मग? वेळेवर गणवेश हवा असला की हेच सगळे तिच्या दारात येऊन गोड बोलतात, तेव्हा कुठे जातो तो ताप?

मावशीनं लग्न केलं नाही. ती राहते माझ्या मामीबरोबर. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. नणंद-भावजय एका खोलीत म्हटल्यावर लोकांना भांडणं ऐकायची हौस असते. भांडणं होतात, भरपूर होतात, पण एकीचं दुसरीवाचून पान हलत नाही. शाळेच्या गणवेशाचं कापड मामी बेतते आणि मावशी शिवते. मामीनं कधी मशीनला पाय लावला नाही. मावशी कात्रीला हात लावत नाही, धागासुद्धा दातांनी तोडते.

घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली, तेव्हा मीच त्या सरकारी योजनेची माहिती काढली. पहिल्यांदा घर घेणाऱ्याच्या कर्जाला सरकार हमी देतं, व्याज कमी लागतं, सुरुवातीच्या पैशांनाही हातभार लावतं. अट अशी की अर्जदाराच्या नावावर आजवर कधीच घर नसावं आणि हप्ता झेपेल इतकी कमाई असावी. मावशी अटीत बसत होती. मामी बसत नव्हती. तिच्या नावावर एकेकाळी घर होतं. मामाच्या आजारपणात तिनं ते विकलं. मामाही गेला आणि घरही गेलं, पण योजनेच्या हिशेबी ती घरमालकीण होऊन गेलेली बाई.

"त्यात काय एवढं," मामी म्हणाली. "सगळं काम ही एकटी करते म्हणून सांगू, म्हणजे सगळी कमाई हिचीच धरतील. मी आपली हिच्या आधारानं राहणारी."

"म्हणजे मी खोटं बोलू?" मावशी फणकारली.

"बोलू नकोस. नुसती गप्प बस."

मावशीनं गप्प बसायचं! मला तिथंच शंका यायला हवी होती.

चौकशीला कर्जाच्या ऑफिसातले साहेब आले. सज्जन माणूस, चप्पल दाराबाहेर काढून आत आला. मामी कोपऱ्यात भाजी निवडत बसली, जशी काही पाहुणी. साहेब म्हणाले, "तुमचं काम चालू द्या, मला फक्त बघायचंय." मशीनवर शिवायला काही उरलंच नव्हतं. बेतायचं कापड तेवढं समोर पडलं होतं. मावशीनं खडू घेतला, रेघा मारल्या आणि कात्री उचलली. ती कात्री तिनं अशी धरली होती की मलाच घाम फुटला. शिवणीसाठी बोटभरसुद्धा माया न सोडता बाई थेट रेघेवरून कापत सुटल्या.

मामीनं एक डोळा भाजीवर ठेवला होता, दुसरा कापडावर. बिचारीनं खूप सोसलं. मावशी दुसऱ्या बाहीकडे वळली, तेव्हा मात्र भाजी बाजूला सारून मामी उठली.

"दे इकडे. कुणाच्या तरी लेकराचा शर्ट आहे तो."

एवढं बोलून तिनं कात्री घेतली आणि उरलेलं कापड सरसर बेतून टाकलं. मग तिच्या लक्षात आलं. साहेब हसले नाहीत. "निम्मी कमाई ह्यांची धरावी लागेल," एवढंच म्हणाले. मला दोघींचा राग आला आणि दोघींना पोटाशी धरावंसंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्हाला ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. मावशीच्या वाट्याच्या निम्म्या कमाईवर एका खोलीचं घर मिळेल, सगळ्या सवलतींसकट. दोघींच्या नावावर दोन खोल्यांचं घर बसेल, पण मग साधं कर्ज, सरकारी मदत नाही आणि हप्ता चांगलाच जड.

"एक खोली घे, तुझ्या नावावर," मामी लगेच म्हणाली. "सवलत सोडू नकोस. माझं काय, मी पडून राहीन कुठंही."

मावशीचा आवाज चढणार म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पण ती त्या बाईंशी हळू आवाजात बोलली.

"ह्यांचं घर होतं म्हणून ह्यांना मदत नाही, बरोबर ना? ते घर ह्यांनी माझ्या भावाला वाचवायला विकलं. आता मी माझ्या नावाचं घर घेऊ आणि ह्या तिथे कुठंही पडून राहणार? दोघींची नावं घाला."

"अगं, हप्ता किती येईल बघ तरी," मामी म्हणाली.

"बघितला. मेले नाहीये मी अजून."

बाईंनी कागद काढून दिले. मावशीनं फर्रकन सही केली. मामीनं पेन घेतलं आणि तसंच धरून बसली.

"मागच्या वेळी अशी सही केली," ती म्हणाली, "ती घर विकताना."

मावशीनं कागद तिच्यापुढे सरळ केला.

"मग आता घेताना करा, वहिनी."